देवाचे वीस हिस्से

॥ श्री मार्तंड प्रसन्न ॥

मु. अणदूर, ता. तुळजापूर, जि. उस्मानाबाद
पौष शुद्ध अष्टमी, शके १८६६

तीर्थरूप सिद्धलिंगमामा, मुक्काम नळदुर्ग, यांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा कल्याणप्पा याचे अनेक शरणार्थ. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, बाकी क्षेम म्हणावं असं इकडे काही उरलेलं नाही. आपला गुडघा थंडीत धरतो असं कळलं. करडीचं तेल कोमट करून चोळावं. पूर्वी मी मिलचा डबा पाठवून दिला असता, आता मलाच विकत घ्यावं लागतं, का ते पुढे येईलच. म्हैस व्याली का? मामींना इरम्माचा नमस्कार.

मामा, आमच्या तेलाच्या मिलवर परक्याचा कब्जा झाला हे तुमच्या कानी आलंच असेल, कारण तुमच्या गल्लीतच तो हणमंतप्पा राहतो. माझा सख्खा चुलतभाऊ, आणि मिलचा नळदुर्गचा संचालक. त्यानं आपल्या बाजूनं सांगितलं असणार, ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडावं. खरी हकीकत फक्त माझ्यापाशी आहे आणि ती मी दातओठ खात लिहितो आहे, अक्षर वाईट आलं तर त्याचा दोष हणमंतप्पाच्या माथी.

आठ वर्षांपूर्वी जळकोटला सडकेला लागून ‘श्री मार्तंड तेल मिल कंपनी लिमिटेड’ कुणी काढली? मी. सोलापूरच्या स्टेशनापासून इंजन कुणी आणलं? मी. बोरी नदीच्या वाळूत ती गाडी रुतली तेव्हा अकरा बैलजोड्या लावून दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात कोण उभा होता? (तुम्ही काठावर उभे होता, छत्री घेऊन, मला आठवतं.) कंपनीचे दोनशे हिस्से काढले. त्यातले वीस खंडोबाच्या नावानं ठेवले. धंद्यात देवाचा वाटा ठेवणं हा आपल्याकडचा वहिवाटीचा धर्म, त्यात काही नवल नाही. नवल पुढे झालं. हिस्सा म्हटला की मत आलं, आणि देव काही सभेला येऊन हात वर करणार नाहीत. मग देवाचं मत द्यायचं कुणी? मी म्हटलं, अर्थात अणदूरच्या संचालकानं, म्हणजे मी. यावर तुमचे नळदुर्गकर उठले. म्हणाले, देव काय एकट्या अणदूरचा?

आता हे तुम्हाला सांगायला नको (पण रागावलेला माणूस समोरच्याला माहीत असलेलंच सांगत बसतो), की आपल्या खंडोबाची मूर्ती एकच आणि गावं दोन. सव्वादहा महिने देव आमच्या अणदूरला असतात आणि मार्गशीर्षात निघून पावणेदोन महिने तुमच्या नळदुर्गला मुक्कामाला येतात, पौषी पौर्णिमेची यात्रा झाली की परत. दोन्ही गावांत तसा करार होतो आणि बिनबोभाट पाळला जातो. तेव्हा मी मोठं मन केलं. नियमावलीत सतरावी दफा मीच घालून घेतली, की देव ज्या गावी मुक्कामाला असतील त्या गावच्या संचालकानं देवाचं मत द्यावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात हिशोब केला होता, की सभा आपण चैत्रात घेतो, चैत्रात देव अणदूरला, मग नळदुर्गकरांना टाळ्या वाजवू द्यायला आपलं काय जातं? मामा, माणसानं मोठं मन करताना पंचांग बघावं.

सात वर्षं नीट गेली. मग लढाईमुळं तेलाला भाव आला आणि सोलापूरच्या एका शेठजींना जळकोट कुठं आहे ते कळलं. (त्यांचं नाव या कागदावर लिहून मी देवाचं नाव वर असलेला कागद विटाळणार नाही.) त्यांनी गावोगाव माणसं पाठवून एकेक हिस्सा दामदुपटीनं उचलला. लोकांनी दिला. ज्यांच्या लेकींच्या लग्नात मी पाट मांडले त्यांनी दिला. हणमंतप्पानं स्वतःचे तर दिलेच, वर मधली दलाली खाल्ली. मोजदाद केली तेव्हा शेठजींच्या बाजूला नव्वद, माझ्या बाजूला नव्वद, आणि मधे देव वीस हिस्से घेऊन बसलेले.

मी घाबरून तुळजापूरला शरणप्पा वकिलाकडे गेलो. चार अक्षरं शिकलेला, आपल्या जातीचा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, म्हटलं हा तरी आपला. त्यानं कंपनी वाचवायची फी सांगितली तीनशे. मी कबूल झालो. पुढे पंधरा दिवसांनी कळलं की कंपनी मिळवून द्यायची फी म्हणून त्यानं शेठजींकडूनही तीनशे ठरवलेत. मी त्याच्या ओसरीवर जाऊन जाब विचारला तर पान लावता लावता म्हणतो, “कल्याणप्पा, तुमचं काम येगळं, त्यांचं काम येगळं. दोन कामाची दोन फी. ह्यात चुकलं काय?” आणि पुढे ऐका. म्हणाला, तुम्हा दोघांना वकील आहे, देवाला कोण आहे? वीस हिस्सेवाल्याची बाजू कुणीतरी बघायला पाहिजे. म्हणून त्यानं तिसरी फी देवाच्या नावे लावली, आणि देवाकडून कशी मागायची म्हणून ती निम्मी निम्मी आमच्या दोघांवर घातली! वर हे सगळं आपल्या निजामी हाली रुपयांत चालणार नाही म्हणे, शेठजी इंग्रजी हद्दीतले, कलदार देतात, एका कामाला दोन शिक्के बरे दिसत नाहीत. आत्ता दोन कामं होती ना रे चांडाळा? पण हा प्रश्न मला तुळजापूरचा घाट उतरल्यावर सुचला.

आता त्या दिवसाचं सांगतो. कोणता दिवस निवडला असेल? वेळ अमावस्या! आपल्या मुलखात त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, तेही शेतात जातं. आठ दिवस आधी मिलच्या दाराला उर्दूत नोटीस डकवली होती म्हणतात. ती सगळ्यांनी पाहिली आणि सरकारी धान्यलेव्हीची असेल म्हणून सगळ्यांनी तोंड फिरवलं. मी मळ्यात कडब्याच्या कोपीत पूजा करून भज्जी-उंड्याचा तिसरा घास घेतो आहे, तोवर सायकलवर धापा टाकत एक माणूस आला, म्हणाला, “चला चला, तिकडं जळकोटात सभा भरलीया, तुमची मिल चालली!” मी तसाच उठलो. इरम्मा मागून ओरडत होती, आंबील तरी पिऊन जावा. नाही प्यालो. बैलगाडी, मग सर्व्हिस मोटार, मग शेवटचा मैल चालत. वाटेत नळदुर्ग लागलं तेव्हा देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हटलं, देवा, वीस हिस्से लक्षात असू द्या. हाताला भज्जी तशीच होती.

पोचलो तेव्हा शेठजी, शरणप्पा वकील, हणमंतप्पा आणि आणखी दहाबारा जण नुसते बसून होते. सभा सुरूच झाली नव्हती. मला बघून सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, माझी अजून किंमत आहे. मामा, मागाहून कळलं ते असं, की नवव्या दफेप्रमाणं अध्यक्ष, म्हणजे मी, हजर असल्याशिवाय सभा भरतच नाही. मी कोपीत बसून चौथा घास घेतला असता तर मिल वाचली असती! सायकलवाला माणूस शरणप्पानं पाठवला होता. त्याचं सायकलभाडं माझ्या बिलात लावलं आहे.

मग मतं झाली. नव्वद आणि नव्वद. हणमंतप्पा उठला, कपाळाला एवढा भंडारा फासून, जसा काही देवाजवळून आत्ताच उठून आला. “देव सध्या नळदुर्गला हायेत,” म्हणाला, “म्हून देवाच्या वतीनं म्या सांगतो, देवाचं मत शेठजीला.” मी ओरडलो, देवाला विचारलंस का? तो म्हणाला, तुम्ही सात वर्षं कधी विचारलं होतं? यावर लोक हसले. आमचेच लोक. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथं मिलचं जोतंसुद्धा फिरलं.

पुढच्या अर्ध्या तासात शेठजी अध्यक्ष झाले आणि स्वतःच स्वतःला मॅनेजिंग एजंट नेमून, गाळलेल्या दर मणामागं कमिशन लावून, त्यातलं वर्षाचं आगाऊ उचलून मोकळे झाले. (देवाचा मुक्काम पावणेदोन महिन्यांचा आणि कमिशन बारा महिन्यांचं!) शिवाय एक ठराव असा, की पुढे कुणी त्यांना काढलं तर पाच वर्षांच्या कमिशनाची भरपाई कंपनीनं द्यावी. म्हणजे चोरानं घरात शिरावं आणि निघताना वाटखर्च मागावा. परवा मी मिलवर गेलो तर शेठजींच्या मुनिमानं मला दारात अडवून चिठ्ठी मागितली. मला! मी बाहेर भुईमुगाच्या पोत्यावर बसलो. आतून इंजनाचा आवाज येत होता. तिसरा ठोका जरा अडखळतो त्याचा, पहिल्यापासून, पट्टा थोडा सैल केला की सुधारतो. हे मला ठाऊक, त्या मुनिमाला काय ठाऊक? तासभर तो अडखळता ठोका ऐकत बसलो आणि मामा, खोटं कशाला लिहू, बावन्न वर्षांचा बाप्या मी, उपरण्यात तोंड घालून रडलो. मला हिस्से नकोत, कमिशन नको. तो पट्टा सैल करायला मला आत जाऊ द्यावं, एवढंच.

असो. मी हातपाय गाळून बसणारा नाही. सात दिवसांनी पौर्णिमा. यात्रा झाली की देव अणदूरला येतील, देवाचं मत माझ्या हाती येईल, आणि त्याच आठवड्यात सभा बोलावून मी मिल परत घेईन. भरपाई मागतील तेव्हा कोर्टात बघू. पण एक सांगून ठेवतो. हणमंतप्पासारखी लबाडी, शेठजींसारखा कावा, शरणप्पासारखी दुहेरी चाल, यातलं काहीही मी करणार नाही. मी सरळ मार्गानं जाईन. सत्याला मरण नाही. मामींनी प्रकृतीस जपावं, आपण गुडघा उन्हात धरावा, आणि या पोरक्या भाच्यावर लोभ असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
कल्याणप्पा

ता. क. एक बारीकसं काम होतं. तुमच्या वाड्याची सडकेकडची खोली, जिथं कडबा ठेवता, ती मी तुमच्याकडून कार्तिकातच भाड्यानं घेतली होती अशी एक पावती लिहून द्यावी. तारीख दिवाळीच्या आसपासची घालावी आणि शाई जरा पाण्याची वापरावी. कारण असं, की अठराव्या दफेत ‘गावचा संचालक म्हणजे त्या गावी स्वतःचं किंवा भाड्याचं छप्पर असलेला संचालक’ असं लिहिलं आहे, आणि एका गावचे दोन संचालक असून त्यांचं जुळलं नाही तर देव तटस्थ धरावेत. म्हणजे अमावस्येला नळदुर्गचे संचालक दोन होते, एक हणमंतप्पा आणि एक मी. देव तटस्थ. नव्वदाला नव्वद, आणि बरोबरी झाली तर अध्यक्षाचं मत जास्तीचं. तेव्हा अध्यक्ष मीच होतो. सगळी सभाच फिरते, भरपाईसुद्धा द्यावी लागत नाही. यात लबाडी अशी काही नाही, खोली आहेच, पावतीच तेवढी नाही.

दुसरा ता. क. ही दफा शरणप्पा वकिलानं दाखवली. माणूस तसा वाईट नाही. पत्र घेऊन तेच येत आहेत, त्यांना जेवल्याशिवाय सोडू नये. सल्ल्याची फी पंचवीस रुपये तूर्त तुम्ही द्यावी. पत्र ते वाटेत उघडून वाचतील, म्हणून वर त्यांच्याविषयी जे लिहिलं आहे ते रागाच्या भरात लिहिलं असं समजावं, ही त्यांनाही विनंती.

तिसरा ता. क. पाकीट डकवायला खळ मागायला आत गेलो तर परसातल्या आमच्या रिकाम्या खोलीत खाट टाकलेली, आणि खाटेवर हणमंतप्पा चहा पीत बसलेला. इरम्मानं त्याला खोली भाड्यानं दिली आहे, आणि पावती दसऱ्याच्या तारखेची! म्हणते, “घरचा माणूस, वकीलसाहेब संगं आले हुते, तीन महिन्याचं भाडं रोख दिलं, न्हाय कसं म्हणायचं? आन् तुमाला कधी काय इचारायचं म्हटलं तर तुमी मिलवर.” म्हणजे पौर्णिमेनंतर अणदूरचेही संचालक दोन, देव इथंही तटस्थ, आणि आताचे अध्यक्ष शेठजी, म्हणजे जास्तीचं मतही त्यांचंच. मामा, आपल्या पावतीला त्यांची पावती निघणारच, तेव्हा पावतीचं आता राहू द्या. ती खोलीच द्या, कडबा मी स्वतः हलवीन. हणमंतप्पा रात्रीच्या भाकरीला काय कालवण आहे ते विचारतो आहे आणि इरम्मा त्याला सांगते आहे. मी वकिलांच्याच टांग्यातून निघालो आहे. हे पत्र माझ्याच हातून तुम्हाला मिळेल.