जुन्या संगणकांसाठी शेवटची ओळ

सर, काल शेवगावला आलो होतो, तसाच पुढे आपल्या शाळेत गेलो. संगणकखोलीच्या दारात पाय आपोआप थांबले आणि मी चपला काढल्या. आता ती सक्ती नाही. नव्या बाई हसल्याच. पण माझ्या पायांना तुमचा धाक अजून आहे. आत तुमचे ते जाडजूड संगणक अजून सुरू आहेत. सायकलच्या पंपाने त्यांच्यातली धूळ उडवत तुम्ही म्हणायचात, "चालतंय ना? मग त्याला म्हातारं कशापायी म्हनतो?"

त्यांना चालवणारी, फुकटात मिळणारी प्रणाली इंग्रजीत होती आणि पोरं बटणाला हात लावायला बिचकायची. तुम्ही मला समोर बसवलंत. "तू ह्याची मराठी कर, म्हंजी कुनी भ्यायचं न्हाई." नववीतल्या पोराला एवढा मान कोण देतं! ते काम मी नोकरी सांभाळून अजून करतो. यंदा प्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी ठरवलं, इतक्या जुन्या संगणकांसाठी नवी आवृत्ती काढायची नाही. मी कळवलं, आमच्या शाळेत रोज वापरतात हो. त्यांनी विचारलं, मग ते काम सांभाळणार कोण? मोजकी माणसं फुकट राबतात, तपासून बघायला तसलं यंत्रही कुणाकडे उरलेलं नाही. मला शब्द येतात, प्रोग्रॅम लिहिता येत नाही. त्यांचं चुकत असतं तर भांडलो तरी असतो. आणि मग नवी आवृत्ती मिळणार नाही, हे सांगणारी ओळ मराठी करायला माझ्याकडेच आली.

जुन्या आवृत्तीवर मुलांच्या सरावपरीक्षेची पानं उघडेनात, म्हणून काल बाईंनी मोठ्या आशेने नवी टाकायला घेतली. बटण दाबायचा मान सहावीतल्या एका मुलीला. पडद्यावर ओळ येते आणि ती मोठ्यांदा वाचते, "हा संगणक आता जुना झाला आहे. यापुढे त्याला नवी आवृत्ती मिळणार नाही." मग रडवेली होऊन माझ्याकडे बघते. "म्या काय न्हाई केलं, सर. निस्तं बटन दाबलं." तुझं काही चुकलं नाही, एवढंच मला म्हणता आलं. बाईंनी विचारलं, "आता काय करायचं ओ?" नवे संगणक कुठून येणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी म्हणालो, चालतील तोवर चालवू. फार लाज वाटली, सर.

तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याकडेच राहील. ती ओळ माझी आहे, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. पोरांना कळावी म्हणून तिच्यावर अख्खा रविवार घालवला होता. ती मुलगी एकाही शब्दाला अडखळली नाही.