गोंद वाळायच्या आत

बाबा,

आत्याला घेऊन हाडाच्या डॉक्टरांकडे चाललोय. घाबरू नका, मनगट सुजलंय फक्त. तुम्ही काल चिकटवलेली खुर्ची ती बसल्याबरोबर मोडली.

जोड आवळून धरणारे क्लॅम्प मी सकाळीच काढले होते. मला वाटलं, झाली असेल. त्या दुरुस्तीच्या कार्यक्रमात गोंद लावला की पुढच्याच दृश्यात माणूस खुर्चीवर बसलेला असतो. 'वाळेपर्यंतचा वेळ हे लोक कापून टाकतात,' असं तुम्ही टीव्हीसमोर दर वेळी करवादता आणि मी हसतो.

आत्या म्हणाली, दादाचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. क्लॅम्पचं मी तिला सांगितलं नाही.

वाटेत तिला खरं सांगेन म्हणतोय. पण परत आल्यावरही ती तुम्हालाच बोलली, तर ही चिठ्ठी तिला वाचायला द्या.