अठाईतली गोळी

धुळे, १४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. विधीस, जय जिनेंद्र व अ. उ. आशीर्वाद.

फोनवर आपल्या सासूबाई शेजारीच असतात, म्हणून लिहिते. पुनीतभावजींकडून सगळं कळलं. अठाईच्या आठ उपवासांतल्या सहाव्याला आईंचं पोट एकाएकी असह्य दुखलं, आणि पित्त म्हणत न बसता तू तासाभरात दवाखाना गाठलास. आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली. डॉक्टरांनी जांघेतून बारीक नळी सरकवून ती ओढून काढली. पोट फाडावं लागलं नाही, आतडंही वाचलं.

वा गं बाई! जळगावात मेहरूणपासून पार सावदा गावापर्यंत आता तुझंच नाव. विधीनं जीव वाचवला, याशिवाय आई दुसरं बोलत नाहीत. पंधरा वर्षं माझ्याकडे राहिल्या, ते गेलं कुठं? जळतंय माझं, लपवत नाही. माझ्या पोटदुखीवर मात्र नळी निघालेली नाही.

आईंना पातळच जेवण दे. लोभ सगळा आईंवर संपवू नकोस, थोडा इकडेही ठेव.

तुझी जाऊ,
रिद्धी

जळगाव, १८ सप्टेंबर

ती. सौ. रिद्धीभाभी यांस सा. न. वि. वि.

माझं कौतुक पुरे करा. गेल्या वर्षी आईंच्या अठाईचं पारणं तुमच्या दारी झालं, अख्खा समाज लोटला. तेव्हापासून मला खुपत होतं. यंदा आमच्याकडे, म्हणून मीच हट्ट धरला.

दिवाळीपासून आईंना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे ना? उपवासात गरम पाण्याशिवाय काही नको म्हणाल्या. पट्टीतली एकही गोळी कमी होत नव्हती, मी रोज बघत होते. बोलले असते तर उपवास मोडला असता, पारणं हुकलं असतं. गप्प बसले. गुठळी बहुतेक त्यानंच झाली, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीच काय ते ठरवा. राग मावळला तर पत्र पाठवा.

आपली,
विधी

धुळे, २१ सप्टेंबर

चि. सौ. विधीस अ. उ. आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं. मग शरम वाटली. पहिल्याच उपवासाला आईंनी मला फोन केला होता, गोळीचं काय करू म्हणून. एक दिवसही चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी दिवाळीत मलाच बजावलेलं. एवढंच सांगायचं होतं. पण मी म्हटलं, जिच्या घरी पारणं आहे, तिलाच विचारा.

रविवारी येते. दोघी मिळून आईंसमोर बसू, त्या बोलतील ते ऐकू.

संवत्सरीला क्षमा मागायचं छापील कार्ड आपण दरवर्षी एकमेकींना पाठवतो. तुझं यंदाचं मी फोडलंही नव्हतं. आज फोडलं. माझं मात्र हातानं लिहिते.

मिच्छामि दुक्कडम.

रिद्धी