कल्ल्यातलं रान

तीर्थस्वरूप मामांना, अंगाला कायम नदीच्या माशांचा वास येणाऱ्या भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला का, आणि मामी तुम्हाला बोलायच्या थांबल्या का? (दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे.) आम्ही सगळे मजेत आहोत, माझा अंगठा तेवढा सोडून. तीन महिन्यांपूर्वी गाळ्यावर मासा साफ करताना त्याच्या पाठीवरचा काटा उजव्या अंगठ्याच्या नखाखाली घुसला. वीस वर्षं मासे कापणाऱ्या बाईला काट्याचं काय कौतुक! अंगठा चोखला आणि कामाला लागले. (चोखल्याचं डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही.) पण नख पिवळं पडलं, जाड झालं, भुशासारखं सुटायला लागलं आणि अंगठा टम्म सुजला. शेजारच्या गाळ्यावरची बाई म्हणाली, “घाबरू नकोस गं, फार तर कापतील.” तिचा स्वभावच धीर देणारा. अंगठा गेला तर सुरी कशानं धरू, या विचारानं मला जेवण जाईना.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी नख खरवडून प्रयोगशाळेत पाठवलं. तिथल्या ताईंनी मलाच कामाला लावलं : गाळ्यावरचे दोन मासे आणा, एक आजारी, एक चांगला. आजाऱ्याच्या अंगावर कापूस पिंजल्यासारखे पांढरे पुंजके होते. चांगला मात्र मी निवडून नेला, चकचकीत, लालबुंद कल्ल्यांचा, बक्षीस मिळवायला निघाल्यासारखा पुसूनबिसून.

दहा दिवसांनी बोलावणं आलं. टेबलावर काचेच्या चपट्या डब्या मांडलेल्या. तो कापूस माणसाच्या वाटेला जात नाही, असं ताई म्हणाल्या. (बिचाऱ्याला आम्ही उगाच नावं ठेवली.) आणि माझ्या देखण्या माशाच्या कल्ल्यांतून डब्या भरभरून रान उगवलेलं! एक बुरशी काजळाच्या भुकटीसारखी, एक सायीसारखी, एक पांढरीशुभ्र आणि तळाशी गुलाबी. शेजारी माझ्या नखाची डबी. तीच गुलाबी!

मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मामा, काय सांगू! काचेच्या तारांसारख्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना चंद्रकोरींचे घोस. अंगठा ठणकतोय हेच विसरले. मासा आतून-बाहेरून आपल्याला पाठ आहे, असा माझा तोरा. आणि वीस वर्षं ज्या कल्ल्यांत बोटं घातली तिथे हे नांदत होतं! मी विचारलं, “ताई, माझ्या अंगठ्यात इतकं सुंदर?”

“पोटभर बघून घ्या,” त्या म्हणाल्या, “आजपासून मारायचंय.”

ताई सांगत होत्या, धडधाकट माणसाच्या अखंड कातडीला या बुरश्यांचं सहसा भय नाही, आणि मासा नीट शिजला की हेही शिजतात. पण जखम असली, साखर असली, अंगात ताकद कमी असली, तर हेच आत शिरून ठाण मांडतात. क्वचित रक्तातही उतरतात. मला गोळ्या चालू आहेत. मुळाशी नवं नख दिसतंय, तांदळाएवढं. आता हातमोजे घालून कापते. मासे जास्त निसटतात, गिऱ्हाइकं जास्त हसतात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवायला जागा नाही.

तुमची भाची

ता. क. : आता खरं काम. निवृत्त झाल्यापासून तुम्ही परसातल्या टाक्यात मासे पाळलेत, आणि साखर असून, टाच फुटलेली असून, अनवाणी त्यात उतरता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सोबत पाठवलेत. टाच भरेपर्यंत टाक्यात पाय घालायचा नाही, आणि भरल्यावरही बुटांशिवाय नाही. आधी ती डॉक्टरांना दाखवा. मला मामा एकच आहे.

ता. क. दुसरा : टाचेचं मला मामींनी कळवलेलं नाही. (असं लिही, असं त्यांनीच कळवलंय.)