लाल बटण दोनदा दाबलं

६ फेब्रुवारी

बाबांनी आज माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला आणि कॅमेरा खांद्यावर ठेवला. "बटनं बोटानं शोध रंजी. डोळ्यानं शोधत बसशीन तं अक्षता पडून जातीन."

अंगठ्याखाली लाल बटण – रेकॉर्डिंगचं. बोटांखाली झूम. डाव्या अंगाला फोकसची कळ, आपोआप की हातानं. तिच्यामागे गेन – अंधार असला की वर न्यायची, पण जास्त नेली की चित्रात दाणे उठतात. खूप चुकले. बाबा चिडले नाहीत. लकवा मारल्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. म्हणून लग्नाच्या सीझनपुरती मी त्यांच्या शूटिंगच्या दुकानात मदतीला माहेरी आले, असं इथे मानोरा गावात सगळ्यांना वाटतं. वाटू दे.

९ फेब्रुवारी

तांड्यावर हळदीचं शूटिंग, पहिल्यांदा एकटीनं. आधी पांढरा कागद समोर धरून रंग बसवला, म्हणून हळद हळदीसारखीच आली. कॅमेऱ्याच्या पुढच्या लाल दिव्यावर बाबांनी काळी चिकटपट्टी लावलीय. दिवा दिसला की माणसं ताठ होतात म्हणे.

नवऱ्याचे, नवीनचे फोन येत राहिले. मी उचलले नाहीत. घरी आले तर आई त्याच्याशीच बोलत होती – "हो जावईबापू, सीझन झाला की धाडतोच."

१२ फेब्रुवारी

आईला सांगून टाकलं, तो मारतो. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. म्हणाली, "बाबाले नको सांगू. आधीच त्यायची तब्येत अशी."

एवढंच.

१५ फेब्रुवारी

सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. विहिरीत पडून मेलेली सून. लग्नाला वर्षही झालेलं नाही, म्हणून पोस्टमार्टेमचं शूटिंग लागतं. बाई कॅमेरेवाली असली तर बरं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "जमन का तुले?" मी हो म्हटलं. का म्हटलं ते माहीत नाही.

दवाखान्याच्या मागची खोली. वास. एकच ट्यूबलाइट. मी स्वतःला सांगत होते – गेन वर घे, रंग बसव, फोकस हातावर घे. बोटांना काम होतं म्हणून मी उभी होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालू करा." मी अंगठ्यानं दाबलं. दाबलं गेलं की नाही कळेना, म्हणून परत दाबलं. तेव्हा त्यांनी तोंडावरचं कापड काढलं. माझ्याहून लहान पोरगी. रुचिका नाव.

त्यांनी गळा दाखवला. "इथे जवळून घ्या. हा वळ नीट आला पाहिजे." मी झूम केलं. वळ कॅमेऱ्याच्या काचेत मोठा झाला. पुढचं मला धड आठवत नाही. झालं म्हणाल्या तेव्हा परत दाबलं आणि कॅमेरा दांडीला धरून बाहेर आले.

बाहेर तिची आई फरशीवर बसलेली – गोमतीबाई. मी पाणी दिलं. पलीकडे सासरची माणसं गाडीची घाई करत होती.

अंगणात येऊन रेकॉर्डिंग पाहिलं. खोलीतलं काहीच नाही. बाहेरचं सगळं – फरशी, चपला, गोमतीबाईच्या साडीचा काठ. घाबरून दोनदा दाबलं होतं: चालू होऊन लगेच बंद. आणि बंद करायला दाबलं तेव्हा चालू झालं. चालू असलं की काचेच्या कोपऱ्यात लाल खूण असते. मी पाहिलीच नाही.

तोवर तिला गाडीत ठेवलं होतं. मी तशीच उभी राहिले. गप्प बसले असते तर त्या दिवशी कोणाला कळलंही नसतं. इंजिन सुरू झालं आणि मी धावले. गाडीसमोर उभी राहून म्हणाले, "थांबा. शूटिंग झालं नाही."

तिचा सासरा खाली उतरला. "एकदा झालं ना? मयताचे हाल कायले करता?"

"माझी चूक आहे. परत घ्यावं लागेल."

"तुयी चूक हाय तं तू भोग ना. आमाले काहून थांबवतं?"

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सगळ्यांसमोर मला फाडफाड बोलल्या. पण तिला खाली उतरवायला लावलं. गाडीचं दार गोमतीबाईनंच उघडलं.

परत घेतलं. लाल खुणेवरून नजर हलवली नाही. वळ आला.

१६ फेब्रुवारी

पोलिसांना देण्याआधी बाबांना पाहायचंच होतं. माझं काम ते नेहमी तपासतात. तोंड दिसल्याबरोबर म्हणाले, "हिचं लग्न म्याच शूट केलं होतं. लय हासत होती."

मग मागे नेऊन आधीचा, चुकून आलेला बाहेरचा तुकडा लावला. त्यांनी हेडफोन लावला आणि झटकन काढला. "एवढा मोठा आवाज! काहून ठेवला?" आवाजाची चकती पार शेवटापर्यंत फिरवलेली होती. मी तशीच ठेवते.

"उजव्या कानानं ऐकू येत नाही."

"कवापासून?"

"पावसाळ्यापासून."

"पडली होती का?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी चकती खाली आणली, हेडफोन परत लावला. ते काय ऐकत होते ते मला माहीत होतं. मी पाणी देत होते तेव्हा गोमतीबाई बोलत होती, माझ्याशी नाही, कोणाशीच नाही – "आली होती वो. मले नाई जायचं म्हणे. पाय धरले माहे. म्याच एसटीत बसवून देल्ली."

बाबांनी ते मागे नेऊन परत ऐकलं.

रात्री जेवले नाहीत. आईनं विचारलं, काय झालं? म्हणाले, "काई नाई."

१७ फेब्रुवारी

कॅमेऱ्याचं कार्ड ठाण्यात दिलं. सही घेतली. पुढे काय होईल कोणी सांगत नाही.

१९ फेब्रुवारी

नवीनचा फोन. रविवारी न्यायला येतोय. आईनं माझ्या साड्या धुऊन वाळत घातल्या. बाबा दुकानात लेन्स पुसत बसले होते. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांच्याकडून काही येईल असं उगाच वाटलं होतं मला.

२३ फेब्रुवारी

नवीन आला. मी आतल्या खोलीत, डावा कान दाराशी लावून. बाबा म्हणाले, "रंजी येत नाई."

"मंग कवा धाडता?"

"नाई धाडत."

आई काहीतरी बोलायला लागली. बाबा तिला म्हणाले, "तू चूप बस. उद्या पयल्या गाडीनं आपुन तिघं अकोल्याले जातो. तिचा कान दाखवाचा हाय."