हातगाडीवरच्या गाद्या

बाबा, तुमच्यामागे मी जे काम धरलं ते ऐकून तुम्ही हसला असतात. बातम्यांना मार्क देते. विरारच्या फ्लॅटमध्ये बसून परदेशातल्या निवडणुकीच्या बातम्या बघायच्या, दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली का, भाषा भडक आहे का, ते तपासून अहवाल पाठवायचा. सध्या ज्या देशाचं चाललंय तिथे लढाई पुरती थांबलेली नाही, तरी मतदान उरकलं. आता दोघेही म्हणतात, मीच जिंकलो. मला काय, कोणी का जिंकेना. पण खालच्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा तिथे एका कंपनीच्या कँपात स्वयंपाकी होता. मावशी मूळच्या वसईजवळच्या जूचंद्र गावच्या. मागच्या महिन्यात वर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "बाय, तू बातम्या तपासते ना? मग सांग, पोराला बोलवू का परत? तो बोलतो सगलं शांत हाय. अर्ध्यात सोडून आला तर कंपनी परत घेनार नाय."

बघून सांगते म्हटलं, आणि बघताना तुम्ही आठवलात. शाळा सांभाळून तुम्ही पेपरला बातम्या पाठवायचात. मी कॉलेजात. तुम्ही तापाने पडलेले, म्हणून ग्रामपंचायतीच्या निकालावरून दगडफेक झालेल्या गावात मला धाडलंत. मी दोन्ही उमेदवारांना गाठून फुशारत परत येते. तुम्ही गोधडीतून हात काढून कागद वाचता आणि परत देता. "दोघांची तोंडं ऐकून आलीस. यात गाव कुठाय? उद्या तिथली बाई पाण्याला बाहेर पडेल का, ते विचारून ये." भर दुपारी पुन्हा पिटाळलंत. असा राग आला होता तुमचा! ओट्यावर बसलेली एक बाई मला म्हणाली, "पान्याला जाईन, पन पोरांना घेऊन नाय." तुम्ही बातमीत तिचं वाक्य वर घेतलंत आणि उमेदवारांना खाली ढकललंत.

म्हणून सगळ्या बातम्या पुन्हा लावल्या. एकीत वार्ताहर चौकात उभा राहून सांगतोय, शहर शांत आहे. मग एका पक्षाचं म्हणणं, मग दुसऱ्याचं, अगदी तोलूनमापून. तिला मी भरपूर मार्क दिले होते. त्याच्या पाठीमागून एक कुटुंब हातगाडी ढकलत जातंय. गाडीवर गाद्या, गाद्यांवर म्हातारी. बाजारहाटाला कुणी गाद्या घेऊन निघत नाही. अहवालात असल्या गोष्टीला रकाना नाही, तेव्हा मार्क तसेच ठेवले. खाली जाऊन मावशींना मात्र म्हटलं, "बोलवा त्याला."

तो आला. मावशींनी मला डबाभर घावन आणून दिले. त्याच्या जागी तिथे दुसरा लागलाय. हा दिवसभर घरी असतो. काल जिन्यात भेटला, आवाज न चढवता म्हणाला, "ताई, तिकडे अजून काय झालं नाय हां." खरंच आहे ते. फेरमोजणी चाललीय, दुकानं उघडी आहेत.

हे पाठवायचं तरी कुठे, म्हणून तुम्हालाच लिहून टाकते. हल्ली सकाळी बातम्या उघडते ती तिथे काही वाईट घडलंय का हे बघायला. नसलं घडलं की माझा चेहरा पडतो, बाबा.