मी म्हटलं म्हणजे मेला

४ जानेवारी
आज शपथ घेताना कानात वर्गातला तो जुना घोष घुमला. सगळी पोरं एका सुरात कविता म्हणताहेत आणि माझा मुलगा वेंडेल अर्धी मात्रा मागे. शेवटचा शब्द नेहमी त्याचा एकट्याचा. असो. केंटकीच्या या डोंगरी जिल्ह्याचा मी कॉरोनर झालो! कोण मेला, कशाने मेला, हे ठरवणारा. त्याला डॉक्टरकी लागत नाही, मतं लागतात. न्हाव्याच्या दुकानात म्हणाले, मास्तर, जिवंतांना नापास करून पोट भरलं नाही वाटतं? लोरेटा मक्याचा पाव घेऊन आली. तिच्या अंत्यविधीगृहातली थंड खोली हेच आमचं शवागार. म्हणाली, सुखाची नोकरी आहे, गिऱ्हाईक उलटून बोलत नाही.

९ जानेवारी
लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला विरंगुळा हवा होता. वाटू दे.

काही वर्षांपूर्वी वेंडेल पिऊन रस्त्यात गात होता. पोलीसप्रमुख, शेरीफ स्टिडम, याने त्याला कोठडीत घातलं, भर हिवाळ्यात नळीने भिजवलं आणि खिडकी उघडी ठेवली. सकाळी पोराचं लाकूड झालं होतं. तेव्हाचा कॉरोनर शेरीफचा शिकारीतला दोस्त. त्याने सांगितलं, हृदय बंद पडलं. झालं. कॉरोनर बोलला की इथे विषय संपतो. पण आमच्याकडे शेरीफला बेड्या घालायचा अधिकारही एकट्या कॉरोनरलाच असतो. त्या बेड्यांसाठीच मी उभा राहिलो. उद्या वेंडेलची कबर उघडायचा हुकूम काढणार.

१० जानेवारी
हुकूम राहिला. सकाळीच शेरीफची गाडी पुलावरून गोठलेल्या ओढ्यात गेली. अँब्युलन्स डोंगरापलीकडे बर्फात अडकलेली. शिपायांनी त्याला वर ओढलं आणि टोप्या काढून माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. निळा, दगडासारखा थंड. मी त्याच्या तोंडाशी वाकलो. चष्म्याच्या काचेवर धुकं आलं. पुसलं. पुन्हा आलं.

बेड्या खिशातच होत्या.

उठलो. म्हणालो, गेला. हृदय बंद पडलं.

११ जानेवारी
सकाळी लोरेटाचा फोन. थंड खोलीतला शेरीफचा खण आतून वाजतोय म्हणे. मी म्हटलं, यंत्र जुनं झालंय. ती म्हणाली, मास्तर, यंत्र आईला हाक मारत नाही. मी विचारलं, कॉरोनर कोण, तू की मी? तिने फोन ठेवला.

१२ जानेवारी
आता आवाज नाही म्हणे. जेवण गोड लागलं. किती वर्षांनी!

१४ जानेवारी
पुरला. त्याच्या बायकोने माझा हात हातात घेतला आणि दचकून सोडला. इतका गार कसा, म्हणाली. शेगडीला खेटून बसलोय, तरी— बोटं—

१५ जानेवारी
काचेवर धुकं. घरात मी एकटा. पुसतो— पुन्हा. कुणीतरी अगदी तोंडाशी— श्वास—

१६ जानेवारी
दार वाजतंय. स्टिडमच असणार. येऊ दे. बंदूक मांडीवर आहे. पुन्हा एकदा—

पडदा सारला. स्टिडम नाही.

वेंडेल.

केसांतून पाणी ठिबकतंय. हाताला धरून कुणाला तरी आणलंय, तो मागे, छातीवर शेरीफचा बिल्ला, मान खाली— थरथरतोय. वेंडेल म्हणतोय, बाबा, यांना फार थंडी वाजतेय हो, आत घ्या. म्हणतोय, माझ्यासाठी कुणी दार उघडलं नाही, निदान तुम्ही तरी—